सोमवारी सकाळी रविवारचा खेळ

अमेरिकन फुटबॉल बघताना थरार वाटतो की कंटाळा येतो, हे मला आजवर दोघींनीच विचारलं, आणि दोघींनाही मी खोटं सांगितलं. नातीने विचारलं तेव्हा म्हणाले, थरार वाटतो. शेजारच्या ताईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, जीव जातो. खरं काय ते माझं मला कळायला बरीच वर्षं लागली. कळलं तोवर दोघींपैकी एकीलाही त्यात रस उरला नव्हता.

तसा खेळाशी माझा संबंध काहीच नव्हता. संबंध होता नातीशी.

२०११ साली लेकीचा अमेरिकेत घटस्फोट झाला आणि तिला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नोकरी मिळाली. नात तेव्हा सात वर्षांची. तिची शाळा तिथे, घर तिथे, बाप तिथे, म्हणून कोर्टाने तिला बापाकडे ठेवलं. पोर चौदा वर्षांची झाली की तिलाच विचारू कुणाकडे राहायचंय, असं तिथल्या न्यायाधीशबाई म्हणाल्या. लेक मला पुण्याला फोन करून रडत होती. जावं की न जावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. मी म्हणाले, "अगं, रामाला चौदा वर्षं काढावी लागली, तुला निम्मीच आहेत. तू तिकडे पाय रोव. पोर मोठी झाली की येईल आपणहून."

तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेली बाई मी. नकाशावर बोट ठेवून ठाम आवाजात काहीही सांगितलं की समोरचा ऐकतो, हे मला सवयीने माहीत होतं. लेकीनेही ऐकलं.

पुढच्या वर्षी मीही तिच्याकडे, ऑकलंडच्या टोकाला अल्बनीत राहायला आले. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती, पुण्यात धरून ठेवणारं कुणी नव्हतं. अल्बनीत सगळंच नवं. घरं नवी, रस्ते नवे, झाडंसुद्धा काठीला बांधलेली. लेकीने एक खोली नातीसाठी ठेवली होती. त्यात पलंग होता, पलंगावर पिवळी चादर होती, आणि ती चादर दर महिन्याला धुतली जायची. तिच्यावर झोपायला कुणी आलेलं नसताना.

नातीशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं, पण ते बोलणं म्हणजे परीक्षेतले गाळलेले शब्द. शाळा कशी आहे? गुड. काय जेवलीस? स्टफ. आज काय केलंस? नथिंग. मी मराठीत विचारायचे आणि उत्तर इंग्रजीत यायचं. ती लहान असताना मी दोनदा सहा-सहा महिने तिकडे राहून तिला सांभाळलं होतं, तेव्हा पोर माझ्याशी घडाघडा मराठी बोलायची. आता एकही शब्द येईना. मी आठवड्याभरात निकाल देऊन टाकला, की पोर मराठी विसरली. लेक म्हणाली, "असेल. मीही तिच्याशी इंग्रजीच बोलते. त्या घरात तीच सवय होती." मग मीही माझं भूगोलाच्या तासाचं इंग्रजी बाहेर काढलं.

ह्या गाळलेल्या शब्दांवर उपाय लेकीने शोधला. तिकडे दर रविवारी दुपारी बाप आणि मुलगी सोफ्यावर बसून तीन तास फुटबॉल बघतात, हे तिला माहीत होतं. तिकडची रविवार दुपार म्हणजे इकडची सोमवार सकाळ, सातच्या सुमाराला. तिने खेळांचं चॅनेल घेतलं, सोमवारी उशिरा यायची साहेबांकडून परवानगी घेतली, आणि टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. तिकडे ती दोघं सामना बघणार, इकडे आम्ही दोघी तोच सामना बघणार, आणि मधला पडदा सामनाभर उघडा. मध्यंतर झालं की लेक बसने शहरात कामाला जायची. उरलेला अर्धा सामना माझ्या वाट्याला.

पहिल्या सोमवारी मला वाटलं, टीव्ही बिघडलाय.

माणसं ओळीत उभी राहिली. वाकली. कुणीतरी ओरडलं. धाडकन सगळे एकमेकांवर पडले, आणि शिट्टी. झालं. मग सगळे उठले, अंग झाडलं, कोंडाळं करून काहीतरी कुजबुजले. मग जाहिरात. परत येऊन पुन्हा ओळ. मधेच एका पंचाने पिवळा रुमाल टाकला, तर त्या रुमालावर पाच मिनिटं चर्चा. मी इडलीच्या कुकरला लावायचा टायमर घेतला आणि माणसं प्रत्यक्ष धावतात तेवढाच वेळ मोजला. तीन तासांच्या सामन्यात इडल्यांचा एक घाणा होईल, तेवढाही धावण्याचा वेळ भरला नाही. पलीकडच्या घरातले रग्बीवाले आजोबा कुंपणावरून म्हणाले होते की तो खेळच नव्हे, हेल्मेट घालून केलेली विश्रांती आहे. मला ते पटलं.

आणि हे कोण म्हणत होतं? कॉलेजात असताना कानाला ट्रान्झिस्टर लावून कसोटी सामने ऐकणारी मी. पाच दिवसांचा सामना, रोज जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी, त्यातच एक पूर्ण दिवस विश्रांतीचा, आणि शेवटी कुणीच जिंकलेलं नाही. तरी मी वहीत प्रत्येक चेंडूला एक ठिपका काढायचे, वह्या जपून ठेवायचे, आणि ज्यांना ह्यातलं सौंदर्य कळत नाही त्यांची कीव करायचे. पानभर ठिपके, म्हणजे पानभर काहीही घडलेलं नाही. त्या मुलीला आज कुणी माझ्यासमोर आणून बसवलं, तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग विचारीन, बाई गं, तुला घरी काही काम नाही का?

पण दुसऱ्या-तिसऱ्या सोमवारी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. खेळ थांबला की पोर बोलत होती.

ती आपणहून बोलायची. दात हलतोय. वर्गातली मैत्रीण आता जेवायला दुसऱ्या टेबलावर बसते. तळघरात जायची भीती वाटते, पण बाबाला सांगितलेलं नाही. सरळ विचारलं असतं तर तिने 'नथिंग' म्हटलं असतं. इथे कुणी विचारत नव्हतं, सगळ्यांच्या नजरा टीव्हीकडे होत्या, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाची रिकामी जागा सारखी येत होती. त्या जागेत एक वाक्य टाकायचं, की पुन्हा शिट्टी. मग मी देवाला म्हणायचे, थांबव रे बाबा खेळ. टाक कुणाला तरी आणखी एक पिवळा रुमाल.

आठ वर्षांची असताना तिने विचारलं, "आजी, इज इट बोरिंग फॉर यू?"

"नो, नो. व्हेरी एक्सायटिंग," मी म्हणाले. जांभई दाबून.

तिने मग मला शिकवायला घेतलं. चार डाव मिळतात, त्यात दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार. मी म्हणाले, म्हणजे चार चेंडूंचं षटक. ती म्हणाली, नो आजी. तरी मी षटकच म्हणत राहिले आणि वही घेऊन बसले. माझ्या षटकांना ती खूप हसायची. बापाला सांगायची, तोही हसायचा.

एक घोटाळा मात्र होता. त्यांचं चित्र आमच्या आधी पोचायचं. वीस-तीस सेकंदांचाच फरक, पण ती तिकडे किंचाळायची तेव्हा आमच्याकडची माणसं अजून वाकून उभी असायची. आंतरराष्ट्रीय वाररेषा मी तीस वर्षं फळ्यावर काढली. पोरींनो, न्यूझीलंड सगळ्यांच्या पुढे. सोमवारात बसून आम्ही रविवारच्याही अर्धा मिनिट मागे असू, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पोरीच्या ते लक्षात आलं आणि तिने ओरडणं बंद केलं. त्यांच्या टीव्हीचा आवाजही ती कमी ठेवायची. आमचं चित्र येईपर्यंत ती थांबायची, ओठ दाबून, सदऱ्याची कॉलर दातात धरून. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मी टीव्ही सोडून टॅबलेटकडेच बघायला लागले. खेळ मला तिच्या चेहऱ्यावर आधी दिसायचा.

असाच एक सामना, ती दहा वर्षांची असेल. तिचा संघ मागे पडलेला, चौथा डाव, आता चेंडू लाथेने लांब उडवून द्यायचा एवढंच उरलं होतं. लाथ मारणारा मागे जाऊन उभा राहिला. मी चहाकडे हात नेला आणि टॅबलेटवर पोरीचे डोळे असे मोठे झालेले दिसले. काहीतरी होणार होतं. काय, ते ती सांगणार नव्हती. मी टीव्हीकडे वळले. चेंडू त्या माणसाकडे आला, त्याने लाथ मारलीच नाही. चेंडू काखोटीला मारून तो पळत सुटला, आणि सगळे भलत्याच दिशेला. मी उभी राहिले. चहा मांडीवर, चटका बसलेला कळला नाही. माझ्या तोंडून जे निघालं ते कसोटी सामन्यातही कधी निघालं नव्हतं.

त्या दिवशी मला उमगलं, की मधल्या थांबण्यातच सगळं आहे. कोंडाळं करून कुजबुजतात तेव्हा खरा खेळ चाललेला असतो, तू काय करशील आणि मी काय करीन, ह्याचा. धडक म्हणजे फक्त त्याचा निकाल. मला तो खेळ आवडायला लागला. आणि ते कबूल करायची मला लाज वाटली. म्हातारपणी कुणाला असल्या रेड्यांच्या झुंजीचा नाद लागतो का?

ह्या सुमाराला शेजारच्या ताई आल्या. त्या मूळच्या नागपूरच्या. मुलगा-सून दोघंही इंजिनिअर. सोमवारी दोन्ही नातवंडांना शाळेत सोडून त्या माझ्याकडे यायच्या, लसणाची टोपली घेऊन. लसूण सोलत तास-दीड तास बसायच्या. माझी लेक गेलेली असायची.

"काहून थांबले जी हे आता?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"दमले."

"आत्ताच तं उठले होते."

"म्हणूनच दमले."

त्या इतक्या हसल्या की लसूण सांडला. मला आणि काय पाहिजे होतं? तीस वर्षं वर्गाला हसवून खाल्लेली बाई, इकडे येऊन उपाशी पडले होते. घरात लेक दमलेली, बाहेर इंग्रजी. आता समोर एक प्रेक्षक आला, आणि तोही मराठी. ताईंनी विचारलं, "तुमाले खरंच आवडते का हे?" मी म्हणाले, "जीव जातो हो. पोरीसाठी बसते."

त्या दिवसापासून माझं धावतं समालोचन सुरू झालं. टॅबलेटवर नात, टॅबलेटकडे हसरा चेहरा, आणि तोंडाने मराठीत ताईंशी. खेळाडूंची टिंगल, पंचांची टिंगल, आणि मग हळूहळू, जास्त हशा तिथे पिकतो म्हणून, जावयाची. मूळचा अमेरिकन, मराठीचा गंध नसलेला हा माणूस दर सोमवारी पडद्यात वाकून दोन्ही हात जोडून "नमस्ते, आजी" म्हणायचा. पोट सुटलेला, चेहरा लालबुंद, डोक्यावर संघाची टोपी. मी हात जोडून गोड आवाजात म्हणायचे, "आला बघा भोपळा. आता तासभर खाईल आणि संघ हरला की रडेल." ताई तोंडाला पदर लावायच्या. तो विचारायचा, काय म्हणाली आजी? आणि नात त्याला काहीतरी सांगायची. मला वाटायचं, पोर अंदाजाने ठोकून देत असेल.

माणसांसमोर चोरून बोलायची मला लहानपणापासून खोड. आम्ही बहिणी च-भाषा बोलायचो, शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा. मला बघायला आले तेव्हा मी बहिणीला सगळ्यांसमोर म्हणाले, "चनका चठेमो." म्हणजे कान मोठे. नवऱ्यामुलाने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "चलाम चळतंक." म्हणजे मला कळतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने होकार कळवला, आणि पुढची पस्तीस वर्षं मी कुणाला नावं ठेवायला लागले की नुसता कान ओढून दाखवायचा. एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं की नाही? पण ती मुलगी मठ्ठ होती, आणि मी काही तिच्याहून फार पुढे गेले नाही.

ताईंनी एकदा सांगून बघितलं. मी काहीतरी बोलले आणि टॅबलेटवर नात हसली, ताईंच्याही आधी.

"बाई, पोट्टीले समजते वाटते जी."

"छे हो. खेळाला हसली ती."

"माही नात बी इंग्रजीच बोलते. पण समजते तिले सगळं."

"तुमची घरात ऐकते. ही कुणाकडून ऐकणार?" मी म्हणाले. कुणाकडून ऐकणार. दर सोमवारी दीड तास माझ्याकडून.

२०१८ च्या शेवटाला नात चौदा वर्षांची झाली. फेब्रुवारीत तिला विचारणार होते. लेकीने खोलीला नवा रंग दिला, इथल्या शाळेची माहिती काढली, जानेवारीतच त्या शाळेच्या गणवेशाचं माप विचारून घेतलं. मला म्हणाली, "आई, ती काही म्हणाली का गं तुला? मी गेल्यावर बोलते ना ती तुझ्याशी." मी म्हणाले, "येईल. काळजी करू नकोस." लेक सोमवारी मध्यंतराला बसकडे निघायची ती मागे बघत निघायची.

त्याआधी, डिसेंबरातल्या एका सोमवारी ताईंनी विचारलं, "पोट्टी आली तं ह्या खेळाचं काय कराल? तिले तं लई नाद हाय."

मी म्हणाले, "कसला नाद? एकदा इकडे आली की महिन्याभरात विसरेल. खेळही विसरेल आणि भोपळ्यालाही विसरेल. म्हणून तर मी सात वर्षं गळ टाकून बसले आहे."

पडद्यावर पोर टीव्हीकडे बघत होती. खेळ थांबलेला होता. ती काही बोलली नाही, पण मला वाटलं, सामना अटीतटीचा आहे.

जानेवारीत ताई नागपूरला गेल्या. त्या सोमवारी मोसमातला मोठा सामना होता, हरलं की घरी जा अशातला. लेक मध्यंतरानंतर निघून गेली. जावई स्वयंपाकघरात काहीतरी आणायला गेला. खेळाला विश्रांती होती.

"आजी, आज त्या आजी नाही आल्या?"

"नो, शी हॅज गॉन टु नागपूर," मी म्हणाले.

मग खेळ सुरू झाला. धडक झाली, शिट्टी झाली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की प्रश्न मराठीत होता.

मी टॅबलेटकडे वळले. ती माझ्याकडेच बघत होती, टीव्हीकडे नाही.

"मला येतं आजी," ती म्हणाली. "मला सगळं कळतं. नेहमीच कळत होतं." सात वर्षांच्या मुलीचं मराठी होतं ते, तिथेच थांबलेलं, माझ्याच पुणेरी हेलात. चौदा वर्षांच्या तोंडातून ते ऐकताना कसं वाटलं, ते मला लिहिता येत नाही.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. बाई कायमची मास्तरीण. चूक आपली आणि जाब समोरच्याला.

"आधी तू मला विचारायचीस ना, जेवलीस का, तेव्हा मी येस म्हणायची. मग तू विचारायचंच बंद केलं."

खरं होतं. उत्तर बरोबर येत होतं. मला ते इंग्रजीत येतंय एवढंच ऐकू आलं.

"आणि मग तू फनी बोलायला लागलीस. मला आवडायचं. म्हणून मी गप्प बसायची." तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "मग बाबाबद्दल बोलायला लागलीस."

मी म्हणाले, "अगं, ती गंमत होती."

"बाबा विचारतो, आजी काय म्हणाली. मी सांगते, आजी म्हणते तू छान दिसतोस. आजी म्हणते, आपला संघ जिंकू दे." तिने नाक पुसलं. "म्हणून त्याने तुला टोपी पाठवली."

टोपी आली होती खरी, दोन वर्षांपूर्वी, लोकरीची, संघाच्या रंगाची. मी ती घालून ताईंना नक्कल करून दाखवली होती. टॅबलेट चालू होता की नव्हता, आठवत नाही.

"आजी, मी इथेच राहणार. जजला तेच सांगणार."

"माझ्यावर रागावून असं करू नकोस गं. आईचा काय दोष? ती सात वर्षं चादर धुते आहे."

"मी रागावले नाहीये," ती म्हणाली, आणि तेच वाईट होतं, कारण ती खरंच रागावलेली दिसत नव्हती. "पण मी तिकडे आले, तर बाबाला कोण सांगणार, की तुम्ही छान बोलता? आणि तू म्हणालीस ना, मी त्याला विसरेन. मला नाही विसरायचं."

मी काहीतरी शोधत होते. भूगोल, रामायण, काहीही. शेवटी म्हणाले, "मला खेळ आवडतो गं. ते नाटक नव्हतं. ताईंना सांगत होते ते नाटक. तो लाथ न मारता पळाला होता, आठवतं? मी चहा सांडला होता. मी आता खरंच बघते."

तिने माझ्याकडे बघितलं. अगदी प्रेमाने बघितलं, म्हाताऱ्या माणसाच्या औषधाची वेळ झाली की बघतात तसं.

"ओके, आजी," ती म्हणाली. ह्या वेळी इंग्रजीत.

बाप परत आला, वाकून "नमस्ते" म्हणाला. मी हात जोडले. तोंड उघडायची हिंमत झाली नाही. तरी काय म्हणाली आजी, असं त्याने सवयीने विचारलंच. तिने त्याला काय सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. संघ त्या दिवशी जिंकला की हरला, हेही मला माहीत नाही. तीन तासांचा सामना मी शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवला होता.

फेब्रुवारीत तिने न्यायाधीशबाईंना सांगितलं. लेक त्यासाठी तिकडे गेली होती. परत आली तेव्हा मी विमानतळावर गेले नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. ती आत आली, बॅग दारातच ठेवली आणि म्हणाली, "शाळा, मैत्रिणी, बाबाला एकटं टाकवत नाही म्हणाली. बरोबरच आहे तिचं." मग म्हणाली, "आई, सोडून गेलेल्या आईकडे मूल कशाला येईल? चूक माझीच. मी त्या वेळी यायलाच नको होतं."

मी म्हणाले, "असू दे."

एवढंच म्हणाले. वास्तविक माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. एक तर, यायला मीच सांगितलं होतं. आणि दुसरं. पण लेक इतकी दमलेली होती, की मी स्वतःला पटवलं, आज नको. उद्याही तेच पटवलं.

पोरीनेही आईला सांगितलेलं नाही. हे मला कळतं, कारण सांगितलं असतं तर लेक माझ्याशी आजच्यासारखी नीट वागली नसती. पोर माझ्यासाठीही भाषांतर करते आहे, असं म्हणायचं.

सप्टेंबरात नवा मोसम सुरू झाला. पोर आता रविवारी मैत्रिणींबरोबर असते, आईला फोन करते तो शनिवारी, दहा मिनिटं. लेक सोमवारी सगळ्यांसारखी सकाळच्या बसने जाते. मी सात वाजता टीव्ही लावते. ताई येतात, लसूण सोलतात. त्यांनी अजूनही कधीतरी विचारलं, "काहून थांबले जी?" की मी त्यांना समजावून सांगते, की हे आता अंदाज बांधताहेत, तो डावीकडचा बघा, तो दोन पावलं मागे सरकलाय. ताई म्हणतात, "तुमी बिलकुल पहिल्यासारख्या राहिल्या नाही." त्यांना माझी टिंगल हवी असते. आजकाल त्या लवकर उठून घरी जातात.

थरार वाटतो की नाही, म्हणाल तर वाटतो. कुणाला सांगायचं, ते मात्र समजत नाही.

ऑक्टोबरात लेकीने ती खोली इथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीला भाड्याने द्यायची ठरवली. गेल्या रविवारी आम्ही दोघींनी कपाट रिकामं केलं. खालच्या कप्प्यात शाळेच्या माहितीचे कागद होते, लेकीने ते वाचत बसून एकेक पान दुमडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुला काय वाटतं, नक्की कधी ठरवलं असेल तिने? मी काही वेगळं केलं असतं तर आली असती?"

मी पिवळ्या चादरीची दोन टोकं धरून उभी होते. दुसरी दोन तिने धरली. आम्ही चादर झटकली, घडी घातली. ती उत्तराची वाट बघत होती. मी म्हणाले, "ह्या नव्या मुलीला मऊ उशी चालेल का कडक, विचारून घे."